साज चढवलेली छत्री

मित्रांनो, बाळकुमच्या कोळीवाड्यात, खाडीकडच्या शेवटच्या घराच्या परसात, कोंबड्यांवर एक भलीमोठी जाळीची परात पालथी घातलेली दिसते ना? ती मी. मी एक जुनी डिश अँटेना आहे. आज माझ्याखाली तीन कोंबड्या आणि एक तापट कोंबडा राहतो. एके काळी मात्र मी वर बघायचे. माझी नजर आकाशातल्या एका उपग्रहावर खिळलेली असायची आणि तो जे जे पाठवी, ते ते मी झेलून घरात पोचवायचे.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कारागिरांनी लोखंडी फासळ्या वाकवल्या, त्यांवर बारीक जाळी ताणून बसवली आणि माझा आठ फुटी खोलगट देह तयार झाला. माझ्या तोंडासमोर तीन सळ्यांच्या टोकाला त्यांनी एक डबी बसवली. ती डबी म्हणजे माझं सगळं. मी नुसती ओंजळ. आकाशातून आलेलं मी गोळा करून त्या डबीकडे ढकलायचं, आणि डबीनं ते वायरीतून खाली सोडायचं, अशी आमची विभागणी होती.

पहिली दोन वर्षं मी डोंबिवलीच्या एका गच्चीवर काढली. त्र्याण्णव साली सहदेवनं मला टेम्पोत घालून बाळकुमला आणलं. सहदेव म्हणजे या घरचा कर्ता मुलगा, स्वतःची होडी चालवणारा. त्याला क्रिकेट बघायचं होतं. पण घरात सत्ता होती त्याच्या आईची, आवडाबाईंची. त्यांनी मला बघताच कपाळाला हात लावला.

"अरं सहदेवा, येवढी मोठी छत्री! पाऊस तरी अडंल का हिच्यात? सगळी भोकाभोकाची!"

तेव्हापासून मी छत्रीच झाले. पुढं दर गुरुवारी सकाळी कीर्तन लागायला लागलं आणि आवडाबाई मला रोज खालूनच नमस्कार करू लागल्या. खरं सांगते मित्रांनो, माझ्यावरून काय काय गेलं! सामने गेले, बातम्या गेल्या, साबणाच्या जाहिराती गेल्या. पण कीर्तन उतरायचं तेव्हा माझी जाळी न् जाळी निवायची. बुवांनी अभंगाचा चरण धरावा, टाळकऱ्यांनी तो उचलावा आणि खाली आवडाबाईंनी मासे साफ करता करता मान डोलवावी. तेवढ्यासाठी मी भर उन्हात तापत उभी राहायचे.

या घरातच एक कीर्तनकार होते. आवडाबाईंचे थोरले भाऊ, भिवाजीमामा. चाळीस वर्षं खाडीकाठच्या देवळांतून त्यांनी कीर्तनं केली, पण एक हट्ट कधी सोडला नाही. टेप लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "कीर्तन समोर बसून ऐकायचं. डब्यात भरून न्यायला ते काय लोनचं हाय?" त्यामुळं त्यांचा आवाज कुठंच साठवलेला नव्हता, आणि त्यांनी स्वतः तो कधी ऐकला नव्हता. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र सहदेवनं हातापाया पडून त्यांना टीव्हीवाल्यांकडे नेलं. तिथं अर्ध्या तासाचं कीर्तन मुद्रित झालं. जूनमध्ये मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. पुन्हा येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मग मामा गळ्यात पाटी अडकवून फिरू लागले. काही सांगायचं झालं, की तिच्यावर खडूनं लिहायचे.

ते मुद्रित कीर्तन नारळी पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचला लागणार होतं. एकदाच.

त्या दिवशी सकाळी वाड्यात होड्या सजत होत्या. होडीच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू लावायचं, फुलं घालायची आणि सोनेरी चमकीची झालर गुंडाळायची, अशी या लोकांची रीत. आवडाबाईंनी सहदेवची होडी सजवली. मग त्यांच्या मनात आलं, आज दादूसचा, थोरल्या भावाचा, आवाज आणणार ती छत्री, तिला का उपाशी ठेवायचं? गुडघे दुखत असताना त्या लोखंडी जिना चढून स्लॅबवर आल्या. मला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. होडीचं नाक सजवतात, तसं माझंही नाक शोधलं. समोर सळ्यांच्या टोकाला डबी होतीच! तिच्याभोवती त्यांनी चमकीचे सात-आठ वेढे दिले आणि तोंडावर घट्ट गाठ मारली.

मित्रांनो, त्या चमकीवर धातूचा पातळ मुलामा असतो. आकाशातून येणारा संकेत तो आत जाऊच देत नाही. माझी ओंजळ भरत होती आणि डबीच्या तोंडावर सगळं सांडत होतं. नवी साडी नेसवलेल्या पोरीचा श्वास कोंडावा, तसं मला झालं. पण बोलणार कशी?

दुपारी दोन वाजता सहदेवनं टीव्ही लावला.

"आये, काय दिसत नाय गो! नुसत्या मुंग्या!"

तो धावत वर आला. वाऱ्यानं हलली असणार, असं ठरवून त्यानं माझे नट सैल केले आणि मला डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं. खाली येऊन बघितलं, मुंग्याच. पुन्हा वर आला. अरे बाबा, मी जागेवर होते रे! आता मात्र खरंच हलले होते. एक बोट सरकलं तरी तो उपग्रह नजरेतून निसटतो, आणि यानं तर मला वीतभर वळवलं होतं. शेवटी त्यानं ठाकुर्लीच्या शिवराम मेकॅनिकला फोन केला.

शिवराम पोचले तेव्हा साडेचार झाले होते. शांत, चष्मेवाला माणूस. घाम पुसत म्हणाले, "सकाळी लागत होतं ना? मग बिघाड आजचाच आहे. आज काय बदललं, ते आधी सांगा."

"काय पन नाय," आवडाबाई म्हणाल्या. "पूजा क्येली, येवढंच."

शिवरामनी रिसीव्हर तपासला, ठीक होता. वायरीचा जोड उघडून पुसला, पुन्हा पट्टी गुंडाळली, तोही ठीक. तेवढ्यात बंदरावर ढोल वाजू लागला. नारळ सोडायला होडीचा मालक हजर हवा, म्हणून सहदेवला जावंच लागलं. पाच वाजून गेले. शिवराम वर आले, माझ्याकडे बघितलं आणि जागीच थांबले.

"आवडाबाई, ही चमकी काढावी लागेल हो. हीच आड येतेय."

जिन्यावर उभ्या आवडाबाईंचा चेहरा उतरला. "आज नाय. नारळ पान्यात सोडून होडी खाडीत फेरी मारून यील, तवा साज उतरवायचा. तोवर कुनी हात लावायचा नाय."

"अहो, ही होडी थोडीच आहे?"

"होडीचा मान दिलाय तिला मी! तुमाला काय ठाव? ज्या वर्षी आमच्या होडीचा साज आधीच सुटून पडला, त्या वर्षी सहदेवचा बाप परत आला नाय. आता पोर पान्यात हाय माजा."

भिवाजीमामा खाली अंगणात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि दोन्ही हातांनी ती उंच धरली. आवडाबाईंना अक्षर येत नव्हतं. शिवरामनी वाचून दाखवलं, "राहू दे. पोर महत्त्वाचा."

मामा हसत होते. पण ते हसणं बघवत नव्हतं. ज्या आवाजासाठी दोन महिने दिवस मोजले, तो त्यांनी एका ओळीत सोडून दिला होता. साडेपाचला दहा मिनिटं होती. मी तळमळत होते. देवा, मला एकदा तरी बोलू दे!

आवडाबाई भावाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी साडीचा कासोटा घट्ट केला आणि वर आल्या.

"शिवरामभाऊ, होडीचा साज घसरला तर आमी काय करतो? टाकून देतो? वर सरकवतो. आडवा येतो तो फकस्त तोंडावरच ना?"

"हो, फक्त तोंडावर."

"मग उतरवत नाय मी. सरकवते." त्यांनी गाठ सोडली. चमकी एका हातातून दुसऱ्या हातात घेत, क्षणभरही माझा स्पर्श न सोडता, सळीवरून मागं आणली आणि माझ्या पाठीमागच्या खांबाला गुंडाळली. "देवाचं नाव अडवून धरील असला साज देवाला तरी आवडंल का?" त्या मला म्हणाल्या, की स्वतःला, कोण जाणे.

मी मोकळा श्वास घेतला. पण मित्रांनो, सहदेवनं मला वळवलं होतं ना! शिवराम मला केसाकेसानं फिरवू लागले, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खाली टीव्हीपुढं एकटे मामा आहेत. चित्र आलं, हे वरच्याला ओरडून सांगणार कोण?

"मामा, दिसलं की काहीतरी वाजवा!"

मी सरकले. खाली शांत. आणखी सरकले. शांत. साडेपाच वाजून गेले, पावणेसहा झाले. बंदरावरचा ढोल थांबला.

आणि खालून आवाज आला. चिपळ्यांचा. एकदाच, खट्ट!

"तिथंच!" आवडाबाई ओरडल्या. शिवरामनी नट आवळला. माझ्या ओंजळीतून मामांचा आवाज उतरला, भरदार, किंचित घोगरा, अगदी खाडीच्या वाऱ्यासारखा. पूर्वरंग निघून गेला होता. उत्तररंग चालू होता, देवाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याची गोष्ट. आवडाबाई जिन्यावरच बसल्या. चिपळ्या थांबल्या नाहीत. टीव्हीतले मामा गात होते आणि घरातले मामा त्यांना साथ करत होते. पंधरा मिनिटं एकही ठेका चुकला नाही.

कीर्तन संपलं तेव्हा सहदेव ओल्या कपड्यांनी अंगणात आला. आवडाबाईंनी त्याला बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उशीर क्येलास मेल्या. मामाचा आवाज ऐकायचा ऱ्हायला तुजा!"

मामा पुढं तीन वर्षं जगले. नंतर गल्लीत केबल आली, माझे नट उघडले गेले आणि मी परसात आले. तक्रार नाही. कोंबड्यांनाही आसरा लागतोच. पण मित्रांनो, एक मागणं आहे. यंत्र बंद पडलं तर चिडून त्याला हलवू नका, आधी त्याच्या तोंडासमोर काय आलंय ते बघा. आणि तुमच्या घरी कुणी गात असेल, तर ते गात असतानाच समोर जाऊन बसा. आणखी एक. कधी बाळकुमला आलात, तर मला जरा सुलटी करून ठेवा. कोंबडा ओरडेल, ओरडू द्या. मला थोडा वेळ वर बघायचं आहे.