सात नंबरची पऱ्हाटी

पाऊस दडी मारून बसला त्याला तेवीस दिवस झाले होते. तेल्हाऱ्याजवळ पार्बताबाईंच्या शेतात विद्यापीठाचे कपाशीचे, म्हणजे पऱ्हाटीचे, बारा वाण लावले होते. त्यांतल्या अकरांनी माना टाकल्या होत्या. सात नंबर तेवढा हिरवागार. अमरावतीची तहरीम संशोधनासाठी तीन वर्षं अकोल्याच्या विद्यापीठातून इथं एसटीनं खेटे घालत होती, ते याच्यासाठीच. पाण्यावाचून तग धरणारा वाण ठरला, की तो पुढच्या हंगामात कोरडवाहू शेतांत जायचा. ते ठरवणारी समिती अर्ध्या तासात पोचणार होती.

तिनं सहज सात नंबरच्या बुडाशी बोट खुपसलं. माती ओली लागली.

“काकू, इथं पाणी कोणी घातलं?”

“म्या. रोज सांजच्याला चार गुंड,” पार्बताबाई बांधावरच्या पितळी घागरीकडं बोट दाखवत कौतुकानं म्हणाल्या. “आठ दिवस झाले.”

“काहून पण? घालू नका म्हणून किती सांगतलं होतं!”

“बाकीच्याले कुठी घातलं? तूच म्हने, सात नंबर माहं लेकरू हाय. तुह्या लेकराले तानेलं कसं ठेवू वं माय?”

आता या माउलीला काय म्हणावं! दारी आलेल्या परक्यालाही आधी पाण्याचा गडवा देणारी ही बाई. तहानेनं मरू देणारं शास्त्र तिच्या गळी उतरणार कसं? तहरीमला ओरडताही येईना.

रस्त्यावर जीपचा धुरळा दिसला.

“बोलू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची,” म्हणत पार्बताबाईंनी ओल्यावर कोरडी माती ओढली. खोटं कशाला सांगा, तहरीमनं त्यांना अडवलं नाही.

समितीचे प्रमुख सात नंबरपाशी थबकले. “कमाल आहे! हाच वाण!” त्यांनी पेन काढलं.

“साहेब, पुढच्या साली माह्या पाचही एकरांत मी हाच पेरीन,” पार्बताबाई अभिमानानं म्हणाल्या.

तहरीमनं त्यांच्याकडं पाहिलं. बाई मनापासून बोलत होती.

“सर, थांबा.” तिनं हातानं माती बाजूला केली. “याला पाणी मिळालंय. चूक माझी. लक्ष मी ठेवायला हवं होतं.”

प्रमुखांनी पेन खिशात ठेवलं. यंदाचे आकडे बाद झाले. पुढच्या वर्षी निधी मिळेल याची खात्री नाही, एवढं सांगून ते जीपमध्ये बसले.

“आपल्याच हातानं लेकरू मारलं वं तू!” पार्बताबाई कडाडल्या.

“काकू, पाच एकरांले तुमी किती गुंड वाह्यले असते?”

पार्बताबाईंनी विहिरीकडं पाहिलं. तळाला उरलं होतं ते भाजीच्या वाफ्यालाच पुरत नव्हतं.

“अर्धा एकरबी नसता जगला,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि तहरीमला जवळ ओढून स्वतःच रडू लागल्या.