मेनूमधला त्रिकोण

सोमवारी आमच्या संगणक विभागाच्या हेडबाईंनी फर्मान काढलं. इस्पितळाची वेबसाइट नव्या लायब्ररीवर न्यायची, तीन आठवड्यांत. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. बटणं, मेनू, कॅलेंडर असे वेबसाइटचे सुटे भाग कुणीतरी आधीच करून ठेवलेले असतात, आपण फक्त उचलून जोडायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वेबसाइटचा मेनू अकरा वर्षांपूर्वी मी लिहिला होता, एकेक ओळ स्वतःच्या हातानं.

"लोकांचे तुकडे आणून ठिगळं लावत बसू का आता?" मी म्हटलं.

"आधी शिकून तर बघ. मग खुशाल नावं ठेव," हेडबाई म्हणाल्या.

मी शिकायला बसले तीच मुळी नावं ठेवायला. दोन दिवस खुसपटं काढली. तिसऱ्या दिवशी मेनूपाशी आले. आमच्या मेनूत आधी विभाग दिसतात. विभागावर माऊस नेला की उजवीकडे तिथल्या डॉक्टरांची यादी उघडते. माझ्या मेनूत त्या यादीकडे जाताना माऊस अगदी आडव्या रेषेत न्यावा लागायचा. जरा खाली घसरला की पुढचा विभाग लागायचा आणि भलत्याच डॉक्टरांची यादी समोर यायची. लोक तक्रार करायचे. मी म्हणायचे, माऊस नीट धरा की.

नव्या मेनूत मी मुद्दाम तिरका नेला. यादी जागची हलली नाही. नागमोडी नेला, तरी नाही. चूक सापडल्याशिवाय घशाखाली घास उतरणार नव्हता, म्हणून आतला कोड उघडला.

आत एक त्रिकोण होता. पडद्यावर तो कधीच दिसत नाही. माऊसच्या टोकापासून यादीच्या दोन कोपऱ्यांपर्यंत रेषा धरायच्या, आणि हात त्या दोन रेषांच्या मध्ये आहे तोवर समजायचं की माणूस यादीकडेच निघालाय. वाटेत काहीही लागो, यादी मिटायची नाही. हात पुढे सरकला की त्रिकोण नव्यानं धरायचा. वर कुणीतरी टीप लिहून ठेवली होती, माणसाचा हात सरळ रेषेत जात नसतो, त्याला वाट द्या. कोण, कुठला, देव जाणे. काम इतकं चोख की कुणाच्या लक्षातही येऊ नये. मी थक्क होऊन बघत राहिले. अकरा वर्षांत माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं.

आणि मग मला बाबा आठवले.

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. तीन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला आणि दुकान बंद झालं. नसांच्या डॉक्टरांची वेळ आमच्याच वेबसाइटवरून घ्यायची होती. अर्धा तास ते एकटे झटत होते. मग मला हाक मारून म्हणाले, "तूच कर बाई. हा हात कामातून गेला." तेव्हापासून त्यांनी कशालाच हात लावला नाही. शर्टाची बटणंसुद्धा आई लावायची. "हात चालतो गं त्यांचा," ती मला म्हणायची, "पण त्यांनी हायच खाल्लीय."

तिसऱ्या आठवड्यात नवा मेनू सुरू झाला. त्या रविवारी सकाळी मी बाबांसमोर लॅपटॉप ठेवला.

"पुढच्या महिन्याची वेळ तुम्हीच घ्या."

"म्हाताऱ्याची थट्टा करतेस होय?"

"घ्या तर खरं."

त्यांनी माऊस धरला. हात थरथरत होता. नसांच्या विभागाची यादी उघडली. तिच्याकडे जाताना पडद्यावरचा बाण हाडांच्या विभागावरून गेला, कानाच्या विभागावरून गेला, भरकटला, परत आला. यादी थांबून राहिली होती. सातव्या नावावर त्यांनी बोट दाबलं. तारीख निवडली, वेळ निवडली.

"झालं?" त्यांनी विचारलं. त्यांचा विश्वासच बसेना. मागे जाऊन त्यांनी तेच आणखी तीनदा करून पाहिलं. मग जुन्या आवाजात म्हणाले, "बसवलंय कसं हे?"

मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर त्रिकोण काढून दाखवला. त्यावरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"कारागीर आहे कुणीतरी," ते हळूच म्हणाले. "हात थरथरणार हे आधीच धरून चाललाय." आणि मग माझ्याकडे न बघता, "म्हणजे तेव्हाही माझ्या हातानं झालं असतं?"

"झालं असतं, बाबा. मेनूनं होऊ दिलं नाही." मी पेन खाली ठेवलं. "तो मेनू मी लिहिला होता."

मला वाटलं, जाऊ दे म्हणतील. लहानपणापासून माझ्या प्रत्येक चुकीवर ते तेच म्हणत आलेत.

"तीन वर्षं गं," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, थरथरता, आणि तो तिथेच राहू दिला. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं विचारलं, "अगं, तुझे डोळे तपासायचे राहिलेत ना? मंगळवारची घेऊ का?"