सासऱ्यांचं घड्याळ आणि फिरणारी पेटी

काळ कोणासाठीही थांबत नाही, राजासाठी नाही आणि रंकासाठीही नाही, असं आमचे सासरे मनगट उंचावून सांगत. त्या मनगटावरचं घड्याळ मात्र दोन दिवस काढून ठेवलं की थांबायचं.

त्याला सेल नव्हता आणि रोज किल्ली देण्याची भानगडही नव्हती. हात हलला की आतलं एक अर्धगोल वजन फिरायचं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जायची. थोडक्यात, घड्याळ धन्याच्या हालचालीवर जगायचं. सासरे नाट्यगृहाचे व्यवस्थापक. तिसऱ्या घंटेनंतर येणाऱ्या प्रेक्षकांना त्यांनी आयुष्यभर हातवारे करून झापलं, त्यामुळे घड्याळाची कधी उपासमार झाली नाही.

ते गेले तेव्हा खोलीत एकट्या सासूबाई होत्या. बाहेर येऊन त्यांनी सासऱ्यांचे शेवटचे शब्द सांगितले. "घड्याळ बंद पडू देऊ नका. तिघा भावंडांनी आळीपाळीने आठवडाभर हातात घाला आणि दर रविवारी संध्याकाळी आईसमोर बदला." धाप लागलेल्या माणसाच्या मानाने वाक्य लांबलचक होतं आणि त्यात वेळापत्रकही होतं. पण व्यवस्थापकच ते, आम्हाला नवल वाटलं नाही.

तिघं म्हणजे थोरले मेहुणे, आमची ही आणि धाकटा. मी जावई, माझ्या मनगटाचा विचार झाला नाही. तेव्हापासून दर रविवारी सगळे सासूबाईंकडे जमत. चहा होई, थोरले मेहुणे लिफ्ट तपासनीस असल्याने कुठली लिफ्ट कुठे अडकली ते सांगत, सासूबाई तिघांनाही वयाच्या क्रमाने बोलून घेत आणि मग घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात जाई. एकदा धाकट्याच्या पाळीत त्याला सणसणीत ताप भरला. तो पडून, आणि त्याची बायको उशाशी बसून त्याचा घड्याळवाला हात हलवतेय. तपासायला आलेल्या डॉक्टरांना वाटलं, पेशंट आपल्याला टाटा करतोय.

असं सुरळीत चाललेलं असताना थोरले मेहुणे एका रविवारी पेटी घेऊन आले. काळी चकचकीत, वर काच, आत एक गुबगुबीत उशी. त्या उशीला घड्याळ गुंडाळायचं. उशी थोडी फिरायची, दम खायची, पुन्हा फिरायची.

"आता कोणी हातात घालायची गरज नाही," मेहुणे म्हणाले. "घड्याळ इथेच राहील आणि जन्मभर चालेल."

"हे खातं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन सेल, बस."

"टीव्हीच्या रिमोटला लागतात तेच का?"

"अगदी तेच."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी थोरल्यांना काम निघालं. धाकट्याच्या गाद्यांच्या दुकानात सेल लागला. आमची ही म्हणाली, "पेटी आहे ना तिथे, आपण जाऊन काय फिरवणार?" त्याच्या पुढच्या रविवारी तर कोणी कारण सांगायचेही कष्ट घेतले नाहीत.

मी एकदा छत्री परत करायला गेलो. योगायोगाने रविवार होता. सासूबाई पेटीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. उशी फिरत होती. टेबलावर घरातले सगळे कप बशांसकट मांडलेले.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"छे हो. धुऊन वाळत ठेवलेत."

कप ठणठणीत कोरडे होते. घरी येऊन मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "आईला एवढे कप धुवायला कोणी सांगितलं?"

आणि मग एका रविवारी दुपारी फोन आला. हिने तो कानाला लावला आणि हातातला कंगवा खाली टाकला.

"आई म्हणतेय, घड्याळ बंद पडलंय."

अर्धे केस विंचरलेल्या अवस्थेत ही निघाली. आम्ही पोचलो तेव्हा थोरले मेहुणे आधीच पेटीसमोर उभे होते, चेहरा पांढराफटक. पाठोपाठ धाकटा आला, एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल. तिघं काचेतून आत बघत राहिली. काटे गप्प होते. हलवलं तर घड्याळ पुन्हा चालू होईल हे तिघांनाही ठाऊक होतं, पण हात लावायची कोणाची छाती होईना.

"बाबांनी एकच गोष्ट मागितली होती," ही म्हणाली.

"दादा, तू म्हणालास जन्मभर चालेल," धाकटा म्हणाला.

"पेटी चालायलाच हवी. मी स्वतः तपासून आणली होती."

"तुझ्या लिफ्टाही तूच तपासतोस ना?"

थोरल्यांनी पेटी उलटी केली, खालचं झाकण उघडलं आणि तसेच थिजले. सेल संपले नव्हते. सेल नव्हतेच.

आता सगळ्यांचंच धाबं दणाणलं. घरात चोर शिरून गेला असावा, असं धाकट्याने सुचवलं.

"इतकं भारी घड्याळ ठेवून सेल चोरणारा चोर?" ही म्हणाली. "तूच असशील."

"बंद पडायला दोन दिवस लागतात," थोरले पुटपुटले. "म्हणजे सेल शुक्रवारी गेले. शुक्रवारी कोण आलं होतं?"

"कोणी नाही," मागून सासूबाई म्हणाल्या. "कोणी येतं कुठे?"

त्या खुर्चीत बसून रिमोटने टीव्हीचा आवाज कमी करत होत्या. काखेत कळसा म्हणतात तो असा समोर आला. आधी थोरल्यांची नजर रिमोटवर गेली, मग आम्हा सगळ्यांची.

"आई, तू काढलेस?"

"शुक्रवारी मालिका असते माझी."

"अगं पण बाबांचे शेवटचे शब्द..." थोरले म्हणाले.

"ते असं काही म्हणाले नव्हते," सासूबाई म्हणाल्या.

खोलीत असा सन्नाटा पसरला की टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेतली सासू एकटीच बोलत राहिली. धाकटा बूटवाल्या पायावर खाली बसला. आमची ही माझा दंड घट्ट धरून उभी होती, तिथे पुढे आठवडाभर वळ होता.

"म्हणजे... आळीपाळीने घाला, रविवारी बदला?" थोरल्यांनी विचारलं.

"ते मी म्हणाले. मी सांगितलं असतं, दर रविवारी या, तर आला असतात? तुमच्या बाबांचं तुम्ही ऐकता. ते गेल्यावर तर फारच."

"मग बाबा शेवटी काय म्हणाले होते?" हिने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"पंखा जरा कमी कर, म्हणाले. मी उठून कमी करेपर्यंत गेले." सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "हे काय लोकांना सांगायचं?"

मी सासूबाईंकडे बघेना, त्या माझ्याकडे बघेनात. पेटी उलटी पडली होती. मग थोरल्या मेहुण्यांनी हातातलं स्वतःचं घड्याळ सोडून खिशात टाकलं, उशीवरचं घड्याळ काढलं, जरा हलवलं, वेळ लावली आणि मनगटावर चढवू लागले.

"दादा, पाळी माझी आहे," धाकटा म्हणाला.

"तुझी कशी? पेटी आली तेव्हा तुझ्या हातातून काढलं होतं."

"म्हणजे माझी," ही डोळे पुसत म्हणाली. "छोट्यानंतर दादा, ही पद्धत तू कधीपासून काढलीस?"

"छोट्यानंतर मीच यायचो. तू माझ्यानंतर."

"आई, तू सांग."

तिघंही हात पुढे करून सासूबाईंसमोर उभी राहिली. सासूबाईंनी तिघांकडे क्रमाने पाहिलं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. त्यांचे ओठ हलले. आता काहीतरी जन्मभर लक्षात राहील असं त्या बोलणार, म्हणून मीदेखील श्वास रोखला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही उभेच आहात, तर जरा पंखा कमी करता का?"