अडतीस मिनिटांचा तास

मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि दर रविवारी पेपरात गमतीजमतीचं लिहितो. लिहायचो, असं म्हणायला हवं. अकरा वर्षं लिहिलं. रजेच्या अर्जातली रडकी भाषा, मीटिंगमध्ये डुलकी काढायच्या पद्धती, लग्नातल्या फोटोसाठी ताटकळलेले नातेवाईक, काहीही चालायचं. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, "सर, परवाचं वाचून पोट दुखलं." मी फुशारून जायचो. चार माणसं हसली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, असा माझा पक्का समज होता.

लेख शुक्रवारी दुपारपर्यंत द्यावा लागे. त्या शुक्रवारी डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. महिनाभर माझा घसा बसला होता. वर्गातही मी कसाबसा फळ्यावर मुद्दे लिहून वेळ भागवत होतो. त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटांचा सकाळचा तास अडतीस मिनिटांतच संपला. घंटा झाली, मुलं वह्या आवरून निघाली, आणि मी खडू हातात धरून अर्ध्या वाक्यावर उभा. पुढचा तास मात्र संपता संपेना, त्रेपन्न मिनिटं चालला. म्हटलं, मिळाला विषय.

आमच्याकडे घंटा हातानेच वाजवत. जिन्याखाली पितळेची जाड थाळी टांगलेली, समोरच्या भिंतीवर घड्याळ, आणि स्टुलावर हातोडी मांडीवर घेऊन बसलेले टोलेकाका. हजेरीपटावर त्यांचं दुसरं नाव असणार, पण सगळं कॉलेज त्यांना टोलेकाकाच म्हणे. एकतीस वर्षांची नोकरी. माझा वर्ग बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर.

तासाभरात लेख झाला. 'भूगोलाच्या बाईंवर टोलेकाकांचा राग असावा, त्यांचा तास ते पस्तीस मिनिटांत उरकतात. माझ्यावर मात्र विशेष लोभ. मला त्रेपन्न मिनिटं देतात, आणि मुलं त्याबद्दल मला माफ करत नाहीत.' असं बरंच काही. भिंतीवरचं घड्याळ केवळ शोभेला असून खरी वेळ काकांच्या लहरीत असते, असंही लिहिलं.

बायको माझा प्रत्येक लेख आधी वाचायची. वाचून ती हसली, मग म्हणाली, "अहो, त्यांना विचारलंत का?"

"अगं, त्यात विचारायचं काय? कौतुकच केलंय त्यांचं."

"तरी विचारा."

मी विचारलं नाही.

सोमवारी स्टाफरूममध्ये हशा पिकला. भूगोलाच्या बाईंनी चहा पाजला. दुपारी टोलेकाका दारात येऊन उभे राहिले, हातात घडी केलेला पेपर. "सर, आमच्यावर लिहिलंय म्हणतात. जरा वाचून दाखवता?"

त्यांना वाचता येत नसावं, असं मी धरून चाललो. ठेवणीतल्या आवाजात, हातवारे करत सगळा लेख वाचला. ते योग्य जागी हसले. मग पेपर परत घेताना विचारलं, "हे प्राचार्यांनी वाचलं असेल का हो?"

"वाचलं तर तेही हसतील, काका."

"हां," ते म्हणाले, आणि दाराची चौकट चाचपून बाहेर पडले. ते चाचपणं मला दिसलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

प्राचार्य नवे होते, शिस्तीचे. हसले की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी टोलेकाकांना घड्याळासमोर उभं केलं आणि विचारलं, "किती वाजले?" काकांनी थोडं थांबून सांगितलं, "पावणेबारा." घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. हेडक्लार्क तिथेच होते. ते मला म्हणाले, "सर, साहेबांनी हात वर करून बोटं किती ते विचारलं. काका म्हणाले, साहेब, तुम्ही हात वर केलाय का?"

वैद्यकीय तपासणीचा कागद त्याच दिवशी निघाला. पंधरा दिवसांत भिंतीवर विजेची घंटा बसली, आणि महिन्याच्या शेवटी टोलेकाका कामावरून कमी झाले. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

मी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, त्यांना दुसरं काही काम द्या, दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. त्यांनी माझा लेख कापून फाईलला लावला होता. "सर, तुम्हीच लिहिलंत. संस्थेच्या लोकांनीही वाचलंय. आता मी डोळ्यांवर कातडं ओढून बसू?" बोलून झाल्यावर शब्द चुकीचा निघाल्याचं त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी फाईल मिटली.

मग मी काकांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. काकूंनी दार उघडलं, मी कोण ते कळल्यावर एक खुर्ची पुढे सरकवली आणि आत निघून गेल्या. काका मात्र आवाज ऐकताच उठले. "सर? अहो, या या. घसा सुधारला वाटतं?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी ते करू दिलं नाही. "तुम्हाला काय ठाऊक होतं? मी कुणालाच पत्ता लागू दिला नव्हता. तीन वर्षं झाली. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं."

"मग घंटा कशी वाजवत होता?"

ते खुशीत आले. एखादी कारागिरी समजावून सांगावी तसं सांगू लागले. सकाळी बायको घड्याळ वाचून घराबाहेर काढायची, तिथून काका पावलं मोजत यायचे. पहिला टोल वॉचमन वेळ सांगे त्यावर. पुढे कुठल्या वर्गात बाकं कधी सरकतात, कँटीनवाला कपबशा कधी विसळतो, यावरून अंदाज. "आणि मुख्य म्हणजे तुम्ही. तुमच्या वर्गात पहिला हशा पंधरा मिनिटांनी, दुसरा पस्तीस मिनिटांनी. वर्षानुवर्षं तेच विनोद आणि त्याच जागी, सर. दुसरा हशा झाला की मी मनात सहाशे मोजायचो आणि टोल द्यायचो. तुमचा घसा बसला, वर्ग गप्प झाला, आणि माझं सगळं गणितच कोलमडलं."

मी हसलो नाही. तेच हसत राहिले.

"डॉक्टरला का नाही दाखवलंत?"

"डॉक्टरकडे गेलं की कागद होतो. कागद झाला की तो ऑफिसात पोचतो."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. तपासणारी डॉक्टर तरुण होती, सरळ बोलणारी. काचबिंदू, म्हणाली. गेलेली नजर परत येत नाही. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर तेव्हा होती तेवढी राखता आली असती. आता थेंब घालायचे ते दुखू नये म्हणून. काकांनी मान डोलावली आणि विचारलं, "बाई, आत्ता किती वाजलेत?" तिने सांगितलं. "मी साडेदहा धरले होते," ते म्हणाले. सव्वाबारा झाले होते.

त्या शुक्रवारी मी हे सगळं, माझ्या चुकीसकट, लिहून पाठवलं. संपादकांचा फोन आला. "सर, मनाला लागलं, खरंच. पण रविवारी सकाळी लोकांना हे नको असतं. एखादं नेहमीसारखं द्या ना." मी म्हटलं, नेहमीसारखं आता जमणार नाही. त्यांना वाटलं, मी रुसलोय. सदर थांबलं.

काकांकडे मात्र मी दर गुरुवारी जात राहिलो. पेपर वाचून दाखवायचो, कॉलेजातल्या गमती सांगायचो. ते खदखदून हसायचे. मला बरं वाटायचं. आपण काहीतरी भरून काढतोय, असं वाटायचं.

सहाव्या की सातव्या गुरुवारी काकू मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. एवढ्या दिवसांत त्या माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "सर, राग मानू नका. पुढल्या वेळेपासून येऊ नका."

"काही चुकलं का माझं?"

"तुम्ही येणार म्हणून हे सकाळपासून दाढी करून बसतात. तुम्ही असेपर्यंत हसतात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही गेलात की भिंतीकडे तोंड करून पडतात, ते शनिवारपर्यंत जेवत नाहीत नीट. मला ते बघवत नाही. त्यांना रडायचं असेल तर एकदाचं रडू द्या."

मी म्हणालो, "मी त्यांना सांगून येतो."

"नको. सांगितलंत तर ते तुम्हालाच थांबवून घेतील."

आतून काकांनी हाक मारली, "अगं, सर गेले का?"

"गेले," काकूंनी उत्तर दिलं, आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी आवाज होऊ न देता जिना उतरलो.

घरी बायकोने विचारलं, काका कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत. मग कपडे न बदलता तसाच बसलो आणि तिला काकू काय म्हणाल्या ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग नका जाऊ."