एक तोंड आत, तीन बाहेर

मित्रांनो, टीव्हीच्या मागे जिथे केरसुणी पोचत नाही आणि कोळी बिनघोर संसार करतो, तिथे माझा मुक्काम असतो. काडेपेटीएवढा धातूचा डबा, भिंतीतल्या एका स्क्रूवर टांगलेला. एका अंगाला एक तोंड, दुसऱ्या अंगाला तीन. मला स्प्लिटर म्हणतात. आता मी जुना झालो आहे, चकाकी गेली, एका तोंडाला गंजही धरला. तरी माझी हकिकत ऐकण्यासारखी आहे असं मला वाटतं. टीव्हीला तर स्वतःबद्दल असं रोजच वाटतं.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि तिथून माझी रवानगी बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरच्या एका दुकानात झाली. तिथे टीव्ही काचेमागे ऐटीत मांडलेले आणि आम्ही भावंडं खिळे-क्लिपांबरोबर प्लास्टिकच्या टबात. गिऱ्हाइकं येत, टबात हात घालून ढवळत आणि हाताला लागेल ते उचलत. मला फार अपमान वाटे. एके दिवशी नरसिंह नावाच्या वायरमनने मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं, धुळीवर फुंकर मारली आणि खिशात टाकलं. कुणीतरी आपल्याला निवडलं, याचा आनंद काय असतो ते मला त्या दिवशी कळलं.

नरसिंह मला मल्लेश्वरममध्ये फत्तेसिंगांच्या घरी घेऊन गेला. या घराण्याचे पूर्वज कोण्या काळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं आहे की कुठला शब्द कुठला, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. फत्तेसिंगांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा कारखान्यात फोरमन होते. नोकरी संपली, फोरमनकी मात्र संपली नव्हती.

तारा ओढायचं काम निघालं होतं ते सोयराबाईंमुळे. या अण्णांच्या थोरल्या बहीण. अण्णा आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई त्यांना अक्का म्हणत, मुलगा गिरीराज आत्या म्हणे. कपडे धुताना पाय घसरून अक्कांचं कंबरेचं हाड मोडलं आणि त्या मागच्या खोलीत पलंगाला खिळल्या. त्याआधी हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची त्यांची होती. या घरात टीव्ही मुकाट्याने बघण्याची पद्धतच नाही. टीव्हीशी बोलायचं, भांडायचं, आणि शेवटचा निकाल अक्कांनी द्यायचा. मालिकेतली सून खोटं बोलली की अक्का तिची खरडपट्टी काढत. फलंदाजाने वेडावाकडा फटका मारला की त्याला घरी बसवण्याचा हुकूम सुटे. आता खुर्ची रिकामी होती आणि हॉलमध्ये कुणालाच करमत नव्हतं.

पलंगच हॉलमध्ये आणू, असं सगळे म्हणाले. अक्कांनी साफ नकार दिला.

"आल्यागेल्यासमोर मी आडवी पडून राहू काय? ते जमणार नाही."

मग अण्णांनी ठरवलं, अक्का टीव्हीकडे येत नसेल तर टीव्ही तिच्याकडे जाईल. तारा ओढतोच आहोत, तर वर गिरीराजच्या खोलीतही एक टीव्ही होऊन जाऊ दे.

"सर, तीन टीव्हीला तीन सेट-टॉप बॉक्स पाहिजे," नरसिंह मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला.

"कशाला?" अण्णांनी गच्चीकडे बोट दाखवलं. "वर पाण्याची टाकी एकच आहे न्हवं? खाली नळ किती आहेत बघ. प्रत्येक नळाला वेगळी टाकी बसवतात काय?"

"तसं नाही सर. एक बॉक्स म्हणजे सगळ्या रूममध्ये एकच..."

"एकच साकु. एक पुरे होतं."

नरसिंहाने माझ्याकडे पाहिलं, "सरी सर" म्हणाला आणि ड्रिल हातात घेतलं.

त्या दिवशी मी कामाला लागलो. गच्चीवरची छत्री आकाशातून लहरी घेते, बॉक्स त्यांचं चित्र करतो, आणि ते चित्र मी तिन्ही खोल्यांना वाटतो. वाटताना प्रत्येकाच्या वाट्याला थोडं कमी येतं खरं, पण मी कुणाला उपाशी ठेवलं नाही.

संध्याकाळी अण्णांनी हॉलमध्ये कन्नड बातम्या लावल्या. थोड्या वेळाने गिरीराज जिन्यावरून धडधडत खाली आला. वर त्याने मॅच बघायला टीव्ही लावला होता आणि तिथेही अण्णांच्याच बातम्या चालू होत्या. अण्णांनी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. तिथेही बातम्याच. टाकी एक असली की प्रत्येक नळाला तेच पाणी येतं, हे अण्णांच्या तेव्हा ध्यानात आलं. फोरमन माणूस, चूक कबूल कशी करणार? ते मिशीवरून हात फिरवत उभे राहिले.

"अय्यो, तोंड का पाडलंस?" अक्का पलंगावरून म्हणाल्या. "मला हेच पाहिजे होतं. आता मॅच लाव बघू, पोराला बघू दे."

मित्रांनो, तिथून माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. हॉलमध्ये जे लागे तेच अक्कांच्या खोलीत दिसे. दार उघडंच असे. मालिकेत कुणी कारस्थान रचलं की मागून आवाज येई, "ही मेली सुधारणार नाही." हॉलमधून कौशल्याबाई उत्तर देत, "नवराच बावळट आहे हो, अक्का." खेळाडूने झेल सोडला की दोन्ही खोल्यांतून एकदम उसासा निघे. मध्ये बोळ होता, देवघर होतं, पण अक्का खिडकीजवळच्या खुर्चीतच बसल्या आहेत असं वाटे. पाहुणे आले की अण्णा मला दाखवत आणि सांगत, "मुद्दाम असं करून घेतलं." मी ते खोटं गोड मानून घेतलं.

पुढे गिरीराजचं लग्न झालं आणि पुण्याची संपदा सून होऊन आली. पोरगी गुणी, मनाने मोकळी. नोकरी पार इलेक्ट्रॉनिक सिटीत, येण्याजाण्यातच तिचा जीव मेटाकुटीला येई. रात्री वर जाऊन घटकाभर काही बघावं, तर समोर अण्णांच्या बातम्या. तिने तक्रार केली नाही. दिवाळीला तिने दोन नवे बॉक्स आणले, एक वरच्या खोलीला आणि एक अक्कांना. नरसिंह पुन्हा आला, गच्चीवरून नव्या तारा सोडून माझी तोंडं रिकामी करून गेला.

"आत्या, आता तुमचा सेपरेट बॉक्स," संपदा म्हणाली. "कुणावर डिपेंड राहायला नको. तुमचे फेव्हरेट चॅनल्स मी सेट करून दिलेत."

"शहाणी पोर आहेस," अक्का म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या होत्या, हे मी सांगू शकतो.

मला कुणी काढून टाकलं नाही, कारण कुणाला माझी आठवणच राहिली नाही. मी स्क्रूवर तसाच लोंबत राहिलो आणि ऐकत राहिलो.

सुरुवातीला अक्का विचारत, "काय लावलंय रे?" हॉलमधून कुणी नाव सांगे. अक्कांची बोटं आखडलेली, रिमोटची बटणं बारीक. त्या तिथे पोचेपर्यंत हॉलमध्ये जाहिराती लागलेल्या असत आणि अण्णांनी चॅनल बदललेला असे. अक्का एखाद्या पात्राला शिव्या घालत, पण इकडून उत्तर येत नसे, कारण इकडे ते पात्रच नसे. मग त्यांनी विचारणं सोडलं. नंतर त्यांच्या खोलीतून टीव्हीचाही आवाज येईना. कौशल्याबाई म्हणत, "अक्कांना झोप लागली वाटतं." झोप लागलेली नसे. त्यांचं खोकणं मला ऐकू येई, आणि काही करता येत नाही म्हणून माझा जीव तुटे.

एके सकाळी अक्का अण्णांना म्हणाल्या, "मला प्रतिमाकडे सोंडूरला पोचव."

प्रतिमा ही त्यांची भाची, बहिणीची मुलगी, तिकडे बळ्ळारीकडे राहणारी. अण्णांचा चेहरा उतरला. "इथे काय कमी पडलं, अक्का?"

"काही कमी नाही. सगळं आहे."

 अण्णांनी गाडीची चौकशी सुरू केली.  कंबर मोडलेलं माणूस तेवढ्या लांबच्या प्रवासाला निघालं, की परत येण्याची गोष्ट राहत नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं.

त्या आठवड्यात संपदा घरूनच काम करत होती. दुपारी ती लॅपटॉप मिटून अक्कांच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आत्या, टीव्ही बंद का? बॉक्स बिघडलाय का?"

"नाही गे. चांगला आहे."

"मग तुम्हाला काय बघायचंय सांगा, मी लावून देते."

अक्कांनी रिमोट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मला टीव्ही नको बघायला. तुम्ही लोक जे बघता ना, ते बघायचंय."

संपदा तडक उठली. ती हॉलमध्ये आली, मोबाइलचा दिवा लावून टीव्हीच्या मागे शिरली. कोळ्याला पळता भुई थोडी झाली. अक्कांच्या खोलीकडे जाणारी जुनी तार माझ्या शेजारीच लोंबत होती. संपदाने नरसिंहाला फोन लावला, विचारत विचारत हॉलच्या बॉक्सची तार माझ्या आतल्या तोंडाला लावली, हॉलच्या टीव्हीची एका बाहेरच्या तोंडाला आणि अक्कांची दुसऱ्या तोंडाला. तिच्या केसांना जळमटं लागली होती. तिसरं तोंड रिकामं राहिलं. वरच्या खोलीचा बॉक्स वेगळाच राहिला, आणि माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. थकून आलेल्या माणसाला आपलं आपलं बघू द्यावं.

संध्याकाळी अण्णा बसले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मालिकेत एक जुना बदमाश दारात उभा राहिला, आणि मागच्या खोलीतून आवाज आला, "हा मेला परत आला काय?"

"जेलमधून सुटला तो," अण्णा सवयीने बोलून गेले. मग ते थबकले. त्यांनी बोळाकडे पाहिलं, संपदाकडे पाहिलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. दुसऱ्या दिवशी अक्कांनी स्वतः प्रतिमाला फोन लावून कळवलं की यंदा येणं जमत नाही, मालिका रंगात आली आहे.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. सणासुदीला माझ्यावरून एखादं फडकं फिरवा, तारेला ओढ बसू देऊ नका, एवढं पुष्कळ झालं. पण तुमच्या घरात कुणी आतल्या खोलीत पडून असेल, तर त्याला नुसतं सामान पुरवून गप्प बसू नका. तुम्ही ज्यावर हसता ते त्यालाही दिसू द्या, आणि त्याचं हसू तुमच्यापर्यंत येईल एवढं दार उघडं ठेवा.

हे सांगतो आहे तेवढ्यात हॉलमध्ये साबणाची जाहिरात लागली आहे. अण्णांना बातम्या बघायच्या आहेत. रिमोट त्यांच्या हातात आहे, बटणावर अंगठाही आहे.

"अक्का, बदलू काय?"

आतून काही उत्तर नाही. अक्का पाणी पीत असतील. अण्णा अंगठा उचलतात, आणि जन्मभर कुणाला न विचारणारा तो माणूस साबणाची ती जाहिरात मुकाट्याने शेवटपर्यंत बघतो.