शुद्ध पाण्याने धुतलेलं रक्त

शेवटी मी खरं बोललो. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण ज्या सोमवारची ही गोष्ट आहे, त्या सोमवारी मी तसला माणूस नव्हतो.

मी ताईच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. घरी ती ताई, कामावर मॅडम, आणि माझ्यावर ओरडायचा हक्क दोन्हीकडे तिचाच. तिचा विषय पेशीचं आवरण. ते चरबीच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं. रेणूंची डोकी बाहेर पाण्याकडे तोंड करून, आणि पाण्याचं वावडं असलेल्या शेपट्या आत, एकमेकींना चिकटून. बाहेरच्यांशी गोड आणि आत सगळ्या शेपट्या एकत्र. कुठलंही बरं कुटुंब असंच असतं.

या आवरणातून प्राणवायू घरच्या मांजरासारखा न विचारता आत जातो. पाणीही शिरतं. साखरेला मात्र दारावरचं प्रथिन हाताला धरून आत नेतं. आणि सोडियमला तर ताकद खर्चून पंपाने बाहेर काढावं लागतं, मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यासारखं.

त्या सोमवारी एका बाईंचं रक्त आलं होतं. त्यांच्या तांबड्या पेशींचं आवरणच गळकं होतं. जो क्षार आत राहायला हवा तो बाहेर झिरपायचा. असा माणूस लाखात एखादा. बाई नऊ तास बसने आल्या होत्या, आणि अंगात रक्तच कमी म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी वर्षातून एकदाच दोन चमचे काढायची परवानगी दिली होती. ताई या दोन चमच्यांची अकरा महिने वाट बघत होती.

माझं काम एवढंच, की पेशी मिठाच्या पाण्याने तीनदा धुवायच्या. फळीवर दोन बाटल्या होत्या. एकीत मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन, दुसरीत नुसतं शुद्ध केलेलं पाणी. इथे मी विचार केला. मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, एवढं मोलाचं रक्त, ते खारट पाण्याने कशाला धुवायचं? शुद्ध पाण्याने जास्त स्वच्छ निघेल. ताई खूश होईल.

आता, पेशीच्या आत क्षार आणि प्रथिनं दाटीवाटीने भरलेली, आणि बाहेर निव्वळ पाणी. पाणी दाटीच्या बाजूला धावतं. झाडाच्या पेशीला बाहेरून भिंत असते, ती तग धरते. रक्ताच्या पेशीला भिंत नाही. ती फुगते, चेंडूसारखी गोल होते आणि फुटते.

मला दिसलं ते एवढंच, की गढूळ रक्त बघता बघता सरबतासारखं पारदर्शक झालं. मी नळी उजेडात धरली तर तिच्यातून पलीकडची ‘हात स्वच्छ ठेवा’ ही पाटी वाचता आली. किती छान धुतलंय, असं वाटून मी ताईला हाक मारली.

ताईने नळी घेतली. तिनेही पाटी वाचली. मग खुर्ची ओढून बसली.

“सलाइन कोणी भरलं होतं?”

“मी, मॅडम,” बाटलीकाका म्हणाले. ते एकतीस वर्षं इथल्या बाटल्या धुतात आणि भरतात.

“मीठ घातलं होतंत का?”

काकांनी फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी फरशीचा अभ्यास करत होतो.

“वय झालं, मॅडम. विसरलो असेन.”

“वय झालंय तर घरी बसा ना!” ताई ओरडली. सगळे बघत होते. “इतके म्हातारे झालात की मीठसुद्धा लक्षात राहत नाही?”

तिची पाठ वळताच काकांनी मिठाच्या पाण्याची बाटली उचलली आणि बेसिनमध्ये ओतून टाकली. ती काठोकाठ भरलेली होती. तिचं बूच कोणी उघडलंच नव्हतं. हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं.

काकांना तळघरातल्या भांडारात पाठवलं. रात्री जेवताना ताई म्हणाली, “काकांना एवढं बोलायला नको होतं मी.” मी म्हणालो, “भाजी छान झालीय.” मंगळवारी आणि बुधवारीही मी भाजीचं कौतुक केलं.

गुरुवारी तिच्या टेबलापाशी गेलो.

“मॅडम.”

“बोल.”

“ताई.”

तिने पेन खाली ठेवलं. कामावर मी तिला कधी ताई म्हणत नाही.

“काकांची बाटली बरोबर होती. मी शुद्ध पाणी वापरलं. स्वच्छ निघेल म्हणून.”

मी कान पाडून उभा होतो, पण ती ओरडली नाही. “मी त्यांना सगळ्यांसमोर म्हातारे म्हणाले रे,” एवढंच म्हणाली, आणि डोळे पुसत जिन्याकडे निघाली. मी मागोमाग.

काका चहात बिस्किट बुडवत होते. ताईने हात जोडले. मी म्हणालो, “काका, चूक माझी होती.”

“माहितीये की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझी पहिलीच नोकरी, माझी संपत आली. बोलणी खायला मला काय जड जातंय? जाऊ दे रे पोरा, बिस्किट घे.”

मी घेतलं.

काका त्याच दिवशी वर परत आले. त्या बाईंचं रक्त आता पुढच्या वर्षी. काका रोज सकाळी मला विचारतात, “आई बरी आहे ना?” ते अगदी मनापासून विचारतात, हाच सगळा त्रास आहे. म्हणून काल मी रीतसर अर्ज दिला. त्यांनी तो घडी घालून डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला. मजकूर असा:

प्रति, माननीय बाटलीकाका. विषय: माफी रद्द करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, गत गुरुवारी चहाच्या वेळेत आपण कोणतीही चौकशी न करता अर्जदारास दिलेली माफी तात्काळ मागे घेण्यात यावी, आणि अर्जदारावर किमान एकदा, सर्व कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत, मोठ्या आवाजात ओरडण्यात यावे.