लाखेचं हँडल

लोखंडाला भ्यायला तो लोहार कसला, असं सटवा लोहार आजवर छाती काढून सांगायचा. त्या दुपारी मात्र भात्याशेजारी उभ्या केलेल्या अमीनसाहेबाच्या, म्हणजे फौजदाराच्या, फटफटीकडे बघताना तो चक्क भ्याला होता. भिऊ नको तर काय करू? नुसतं लोखंड असतं तर गोष्ट वेगळी. ह्या लोखंडामागे निजामसरकारचं पोलीसखातं उभं होतं.

झालं होतं असं. बीडहून येताना चौसाळ्याच्या अलीकडे साहेबाच्या फटफटीला म्हैस आडवी आली. म्हशीचं काही बिघडलं नाही, ती आपली रवंथ करत निघून गेली. साहेब बाभळीवर जाऊन आदळला आणि फटफटीचं जुनं हँडल तडकलं. त्यानं चावडीत मुक्काम ठोकला आणि सटवाला हुकूम सोडला, नवं करून दे. सटवानं कापसाच्या जिनातली मोडकी नळी आणली, तापवली, वाकवली, जुन्याबरहुकूम करून बसवली. गंज धरू नये म्हणून गरम नळीवर लाखही फिरवली. दाराची कडी असो की विळ्याची मूठ, सटवाच्या हातची वस्तू लाखेशिवाय घराबाहेर पडत नसे. हँडल असं चकाकत होतं की बघत राहावं.

मग साहेबाचा शिपाई सुग्रीव आला. साहेबाच्या मागं बसून गावोगाव हिंडणारा गडी, त्याला फटफटीची बारीकसारीक माहिती. त्यानं लाथ हाणून इंजिन चालू केलं. कोंबड्या छपरावर उडाल्या. बंद करायला त्यानं हँडलवरचं बटण दाबलं, तर इंजिन थांबेचना! दुसरं बटण दाबलं, भोंगा मुका. पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. फटफटी आपली जागच्या जागी थरथरत बोंबलतेय. शेवटी सुग्रीवनं पेट्रोलची तोटी बंद केली, तरी ती पोटातलं संपेपर्यंत धुसफुसतच राहिली.

"काय करून ठिवलंस बे?" सुग्रीवचा चेहरा पांढराफटक.

"म्या? म्या निस्तं हँडल बदललं, जमादार!"

"तारा तूच सोडल्या, तूच जोडल्या. आता ही थांबना, वरडना. साहेब जेवून आडवे झालेत. उठले की निघनार. म्हनलेत, न्हाई जमलं तर लोहाराला हत्यारासकट बीडला घेऊन चला."

मागल्या साली धुळाजी सुताराला असंच नेलं होतं, दोन दारं बसवायची म्हणून. वेठीचा माणूस, त्याला कोण विचारतो? दारं संपली तर खिडक्या, खिडक्या संपल्या तर खुर्च्या. तो गावात परतला तेव्हा पेरणी होऊन गेली होती आणि त्याची आई मातीआड झाली होती.

आणि सटवाच्या घरात तुळजाबाई दिवस भरलेली. पहिलं पोर गेलं. दुसऱ्या खेपेला पोरही गेलं आणि ती स्वतःही मरता मरता वाचली. घरात सासू नाही, नणंद नाही. तिला सोडून बीडला जायचं म्हणजे काय, हे सटवाला कुणी सांगायला नको होतं.

ती चौकट धरून उभी होती. "अवो, जमंल ना?"

"न जमाया काय झालं? जा, पड जरा," तो म्हणाला.

त्यानं तारा सोडल्या. चिंच आणि राख लावून, भांडी घासावीत तशी टोकं घासली. पुन्हा जोडल्या. सुग्रीवनं लाथ हाणली, बटण दाबलं. इंजिन चालूच! धडधड ऐकत सटवा खाली वाकला, एक तार सोडली आणि तिच्या उघड्या टोकाला त्याचा अंगठा लागला.

"आई गं!" तो उडून पाण्याच्या डोणीवर आपटला. खांद्यापर्यंत इंगळी डसल्यागत झालं.

"हात कावून लावला? तिच्यात इज हाय!" सुग्रीव ओरडला.

निखारे चिमटीत धरणारा हात, पण आता तो पुढे जाईना म्हणजे जाईना. सटवानं स्वतःला दोन शिव्या हासडल्या, तरी जाईना. चावडीकडे कुणी खाकरलं, तेव्हा कुठं तो हात गेला. त्यानं फडक्यात धरून तार उचलली. ती फडक्यातून निसटली, तिचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकलं आणि फटफटी एकाएकी गप्प झाली.

"मेली!" सटवा म्हणाला. "जमादार, मेली वो ही!"

सुग्रीवनं घाबरतच लाथ हाणली. चालू झाली. सटवानं फडक्यानंच पुन्हा तार लोखंडाला टेकवली. बंद! पुन्हा चालू, पुन्हा टेकवली, पुन्हा बंद. तारेला लोखंड पाहिजे होतं, एवढंच. पण बटण तरी लोखंडावरच बसवलंय की! त्यानं बटणाखाली नखानं खरवडलं. नखात तांबूस लाख आली.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लोखंडाला लोखंड भिडायचं तिथं त्यानंच, स्वतःच्या हौसेनं, लाखेचा बोळा कोंबून विजेची वाट अडवली होती. आपल्याच हातानं! त्यानं कानस घेतली आणि बटणांखालची, हँडल आवळणाऱ्या पकडीखालची लाख खसाखसा घासून काढली. मघाशी ज्या चकाकीवर जीव होता ती भुकटी होऊन मांडीवर पडत होती. पडेना का! सगळं आवळून त्यानं भोंग्याचं बटण दाबलं.

भोंगा असा बोंबलला की अख्खा चौसाळा दचकला. अमीनसाहेबही.

साहेब डोळे चोळत आला. त्यानं स्वतः फटफटी चालू केली, बंद केली, भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. लेकरागत खूश झाला. सटवानं हात जोडले. सुटलो रे देवा, असं मनात म्हणून होतं न होतं तोच साहेब बोलला,

"ऐसा हात इस गाव में क्या कर रा है? बीड में दो मोटरां बंद पडे सो हैं. औजारां उठाव. बैठो पीछे."

"हुजूर!" सटवानं पाय धरले. "बायकू अवघडल्याली हाय. घरात कुनी न्हाई. सुईन, कडूबाई, पल्याडच्या वस्तीवर ऱ्हाती, तिला आनाया म्याच..."

"काम हुआ तो छोड देंगे. सुग्रीव, तू बैलगाडी से आ."

सुग्रीव खाली बघत हत्यारांची पिशवी बांधू लागला. ती त्यानं सटवाच्या गळ्यात अडकवली आणि त्याला मागं बसवलं. इंजिन सुरू झालं. तुळजाबाई दारातून अंगणात आली, चार पावलांतच तिला धाप लागली.

"कडूबाईला बलाव!" सटवा ओरडला.

धडधडीत तिला काही ऐकू गेलं नाही. तिनं कानामागं हात धरला. "काय म्हनता?"

इंजिन बंद करायचं बटण साहेबाच्या अंगठ्याजवळ होतं. एकदा दाबलं असतं, तर एवढं एक वाक्य तिच्यापर्यंत पोचलं असतं. सटवाचा हात साहेबाच्या काखेखालून पुढे गेला, थांबला, आणि भिऊन माघारी आला. फटफटी हलली.

वळण गेलं, तुळजाबाई दिसेनाशी झाली, तरी तो मागं वळून ओरडतच होता, "कडूबाईला बलाव गं! आजच बलाव!"